ट्रकवरची धूळ

माय, गेल्या दिवाळीपासून मी आपला ट्रक बनवते आहे. खरा नाही, दीड वीत लांबीचा, एका फुटाला अर्धा इंच असं माप धरून. केबिन सनबोर्डची, मागच्या बॉडीच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, टायर जुन्या चपलेच्या रबराचे. तयार खेळणी मिळतात बाजारात, पण आपल्यासारखी पुढे नाक असलेली गाडी आता रस्त्यावरच दिसत नाही, तर दुकानात कुठून मिळणार? तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून वं, घरचे कामं सरले काय तुहे?"

सरले नाहीत. मी यवतमाळला एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. हे तुझ्या माघारी सुरू झालं, तुला माहीत नाही. संध्याकाळी तिथून येते, भाजी फोडणीला टाकते आणि मग जेवणाच्या टेबलावर ट्रक घेऊन बसते. बाबा समोर दिवाणावर बसून बघतात. गुडघे गेल्यापासून दिग्रसचं घर बंद करून ते माझ्याकडेच आहेत. फार बोलत नाहीत. जुनं काही काढलं तर "हो" म्हणतात आणि खिडकीबाहेर पाहतात. तू गेलीस, मागोमाग त्यांनी गाडी विकली, आणि तेव्हापासून तुझं नाव नाही की गाडीचं नाही. म्हणून तर ट्रक करायला घेतला मी. वाटलं, डोळ्यांसमोर उभा राहिला तर काहीतरी बोलतील.

हिरवा रंग देऊन झाला त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून गाडी सगळीकडून पाहिली आणि म्हणाले, "जमली." बस, एवढंच. मलाही ती आपली वाटत नव्हती. लॅबमध्ये रोज हेच पाहते. माणसं पांढरेशुभ्र दात मागतात, आणि तसे बसवले की आरशात स्वतःलाच परके दिसतात. हिरडीजवळ थोडा पिवळेपणा, कुठे एखादी पुसट रेघ दिली की मग ते तोंड त्यांचं होतं. ट्रकलाही तेच हवं होतं. मी राखाडी खडूची पूड करून चाकांवर, मडगार्डखाली, केबिनच्या दारांवर बसवली. आपल्याकडची काळी माती वाळून उडते तेव्हा अशीच दिसते. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली तेलाचा ओघळ दिला. मागच्या फाळक्याची साखळी हेलकावे खाऊन लाकडावर अर्धगोल चरा पाडायची, तो ब्लेडच्या टोकाने काढला. ड्रायव्हरच्या खिडकीची कड बाबांच्या कोपराने घासून तिथला रंग उडालेला होता. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं, तर हुबेहूब उघडा पत्रा. शेवटी चिमट्याने फळ्यांच्या फटीत कापसाचे तंतू अडकवले. आता ती गाडी झाली होती. कुठूनतरी येऊन दारात उभी राहिल्यासारखी.

बाबा उठून टेबलापाशी आले. "हे काय करून ठेवलं वं?"

"धूळ आहे, बाबा. आपली गाडी अशीच राहे."

"आपली गाडी?" इतक्या मोठ्याने ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "आपली गाडी कधीच मळकी नव्हती. दिग्रसच्या कोन्त्याई जिनिंगात इचार. कापसाच्या लायनीत सगळ्याहून साफ गाडी माही राहे!"

मलाही राग आला. "तुम्ही वळणावर आले की आम्हाले पहिले धूळ दिसे, मंग गाडी."

"तुले काय आठवते? तू एवढीशी होती," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना माझा हात थांबला. माय, आम्ही दोघंही खरं बोलत होतो. मला ती दुपार दिसली. बाबा येतात, जेवतात आणि आतल्या खोलीत पंख्याखाली आडवे होतात. क्लीनर त्याच्या घरी निघून जातो. तू पदर कमरेला खोचतेस. मी विहिरीवरून बादल्या आणते, तू टपावर चढून वरून पाणी सोडतेस. त्याआधी फळ्यांत अडकलेला कापूस हाताने वेचून ठेवतेस, सरकी काढून त्याच्या वाती वळायच्या असतात. एकदा मागची चाकं मी तशीच सोडली होती, तर दंडाला धरून परत नेलं होतंस. "गाडी मळकी गेली तं लोकं म्हंतीन, याच्या घरी बाई नाही." ऊन उतरता बाबा उठतात, चहा पितात आणि चकचकीत गाडी घेऊन जातात. मी पाहत आले ती येणारी गाडी. त्यांनी लोकांत मिरवली ती जाणारी. येताना ते आत बसलेले, त्यांना स्वतःच्या गाडीची धूळ कुठून दिसणार? आणि मधली दुपार तर त्यांनी झोपून काढलेली.

चहा देताना मी विचारलं, "बाबा, गाडी कोन धुवे?"

"क्लीनर."

"क्लीनर तं त्याच्या घरी जाये. माय धुवे."

कप बशीत ठेवला त्यांनी. "अख्खी?"

"अख्खी. टपासकट."

"तिले टपावर चढता ये?"

"सरसर चढे."

त्यांनी कप बाजूला सरकवला. "मले तं कोनी सांगतलंच नाही."

"तुम्ही इचारलंच नाही, बाबा." हे जरा कडूच निघालं माझ्या तोंडून. दिवसभर लॅबमध्ये चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. उघडायला घेतलेलं दार मीच लावून आले, असं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा टेबलाशी बसलेले. खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक ओलं करून ते ट्रक पुसत होते. धुळीवर वार्निशचा हात मारायचा राहिला होता, त्यामुळे ती हातासरशी निघत होती. एक दार आणि अर्धं बोनेट हिरवंगार झालेलं. मी "बाबा!" म्हणून ओरडले. किती दिवस घातले होते मी त्या धुळीत!

ते दचकले. "जराशीच पुसली," म्हणाले. मग दुपट्ट्याकडे पाहत, "एवढ्या लहान गाडीले इतका वेळ लागून राह्यला. तिले किती लागत असन?"

मी भाजी गॅसवर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी एकेक विचारलं, मी सांगितलं. आणि मग तेच बोलायला लागले. लग्नानंतर तुला पहिल्यांदा माहेरून आणलं ते याच गाडीत, हे मला कुठे माहीत होतं? "पायाखालच्या गरम पत्र्याले भे. चटका लागन म्हने. दिग्रस येईस्तोवर पाय वर घेऊन बसली होती, कोंबडीवानी," म्हणाले आणि हसले. हसता हसता डोळे पुसले, त्याच ओल्या टोकाने, आणि गालाला राखाडी पट्टा लागला. मी तो पुसला नाही. भाजी जळाली त्या दिवशी, पण आम्ही जेवलो पोटभर.

ट्रक मी तसाच ठेवला आहे, एक बाजू प्रवासातून आलेली, एक बाजू धुवायला घेतलेली. वर वार्निश मारलं, म्हणजे आता पुढे पुसता येणार नाही. कोणी पाहिलं तर विचारतात, काम अर्धवट का सोडलं? बाबाच उत्तर देतात, "बाईचा हात फिरून राह्यला अजून."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायला हवी. त्या संध्याकाळी त्यांनी शेवटी विचारलं होतं, "धुताना रागावे काय माह्यावर?" मी म्हटलं, "नाही, बाबा. गानं म्हने." त्यांनी समाधानाने मान हलवली. माय, गाणं तू एकही म्हटलं नाहीस. बादलीगणिक शिव्या घालायचीस त्यांना, "झोपला पाहा कसा सायबावानी!" आणि पुन्हा मला चूप बसवायचीस, त्यांची झोप मोडू नये म्हणून. माझ्याच्याने हे त्यांना सांगवलं नाही. तिकडे भेटतील तेव्हा तूच सांग.