खिचडीच्या दिवशीचा तिळगूळ

आई, लखनौत संक्रांतीला 'खिचडी' म्हणतात, हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू पार्सलने पाठवलेल्या तिळगुळाचं पुढे काय झालं, तेही नाही. निशातगंजच्या भाड्याच्या खोलीत मी आणि बँकेतली माझी मैत्रीण राहत होतो. ती गोरखपूरची. तुला ती फोनवरूनच माहीत, 'आंटी, आप बिल्कुल चिंता मत कीजिए' म्हणणारी. तुझी चिंता तिने खरंच स्वतःकडे घेतली होती आणि माझं बोलणंही. भाजीवाल्याशी घासाघीस ती करायची, घरमालकिणीशी ती बोलायची, मी कोणत्या रंगाचं कापड घ्यावं तेही तीच ठरवायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. सांगलीहून एवढ्या मोठ्या शहरात आलेल्या मुलीला कुणीतरी आपलं मानलं होतं.

त्या जानेवारीत बँकेत साहेबांनी विचारलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला आलमबागच्या नव्या शाखेत कोण जाईल? मला जायचं होतं, अगदी मनापासून. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अरे सर, इससे अकेले नहीं होगा. ये तो हमारे बिना रिक्शा भी नहीं करती." सगळे हसले. मीही हसले आणि घरी येऊन अबोला धरला.

मग तुझा डबा आला. तू आणि काकू वर्षभर तोंडं फिरवून बसायच्या, पण संक्रांतीला हातावर तिळगूळ पडला की विषय संपायचा. कोण चुकलं, हे कुणी काढायचं नाही. मी तसंच केलं. सकाळी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "अच्छे हैं, आंटी ने भेजे?" म्हणत तिने खाल्ला. मला वाटलं, मिटलं, आता ती साहेबांना सांगेल. ती कशाला सांगेल? तिच्या लेखी तो लाडू होता. दुपारी तिने साहेबांना दुसऱ्याच मुलीचं नाव सुचवलं.

संध्याकाळी ती स्टोव्हवर खिचडी ढवळतेय आणि मी दारात उभी आहे. "मुझे जाना था," मी म्हणते. "तुमने पूछा नहीं. बहुत बुरा लगा." ती ढवळतच राहते. "तो इतने दिन मुँह फुलाए क्यों घूम रही थी? बोलना था न. हमें सपना आएगा?" मला राग आला, तिचा आणि तुझाही, कारण बाई बरोबर बोलत होती. मला काय हवंय हे सांगायचं असतं, हे आपल्या घरी कुणी शिकवलंच नव्हतं. "अकेले कर लोगी?" तिने विचारलं. "पता नहीं," मी म्हणाले. "लेकिन जाऊँगी."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी एकटीच गेले. आलमबागला सुरुवातीला तारांबळ उडाली, मग जमलं. आमचं मात्र पहिल्यासारखं राहिलं नाही. ती मला प्रत्येक गोष्ट विचारून करू लागली आणि तेच मला जास्त लागायचं. लग्न होऊन ती गेली. तू फोनवर तिची चौकशी करायचीस, मी "मजेत" म्हणायचे.

हे पत्र कुठे टाकायचंय थोडंच, म्हणून सांगते. तू गेलीस त्या दिवशी दादाच्याही आधी मला तिला कळवावंसं वाटलं. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. लोक येत होते, काय झालं म्हणून विचारत होते, मी नीट उत्तरं देत होते. आणि मनातून वाटत होतं, तिने पुढे व्हावं आणि माझ्याऐवजी बोलावं.