सासूबाईंवर न उमटणारा ब्रश

३ मार्च, सोमवार
आजपासून सासूबाईंचा फोटो. रविवारी सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्यांच्या भिंतीवर लावायला बायकोला आईचा फोटो हवाय. आहे एकच, तोही गालावरून आडवी चीर गेलेला. बायको म्हणाली, चौकातल्या नव्या स्टुडिओत देऊया, तासाभरात करून देतात. मी साफ सांगितलं, घरात रिटचर असताना घरचा फोटो बाहेर जाणार नाही. अर्धं आयुष्य खऱ्या ब्रशनं लोकांच्या सुरकुत्या पुसल्यात. कॉम्प्युटरवर काम तेच, फक्त हात रंगत नाहीत. उद्या संपवतो.

४ मार्च, मंगळवार
स्कॅन झकास. सॉफ्टवेअर उघडलं, कपाळावरचा उजळ रंग उचलला, ब्रश चिरेवर फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. ढिम्म. हयातीत या बाईंनी माझं एक ऐकलं नाही, आता फोटोतही तोच खाक्या.
जाताना फाईल सेव्ह केली. न विसरता सेव्ह करतो. शिस्त म्हणजे शिस्त.

५ मार्च, बुधवार
ब्रश मोठा केला. छोटा केला. मऊ, कडक, सगळं झालं. सेटिंग्ज पुन्हा मूळच्या केल्या तर एक फटकारा मस्त उमटला! म्हटलं, आता पुढचा रंग कुठला घ्यावा, म्हणून जरा विचार केला. परत हात घातला तर ब्रश मुका.
(विचार करताना बोटांनी ताल धरतो. रंग वाळेपर्यंत टेबलावर वाजवायची सवय. आता टेबलावर कीबोर्ड असतो, त्यावर वाजवतो.)
दोष माउसचा. नवा आणला.

७ मार्च, शुक्रवार
नवा माउसही तसलाच. बायकोनं तिच्या भावाला फोन लावला. मेहुणा बँकेत. म्हणे भावोजी, वरच्या पट्टीत ओपॅसिटीचा आकडा बघा, रंग किती गडद उमटणार ते त्यावर ठरतं. मी म्हटलं, आकडे तू बघ, तुला पगार त्याचाच मिळतो.
मग हट्टाला पेटलो. न उमटणारा ब्रश अख्ख्या चेहऱ्यावर दुपारभर फिरवला. यंत्र दमतं की मी, बघूच. सेव्ह.

८ मार्च, शनिवार
बायको चहा घेऊन मागे उभी राहिली. मी विचारात, म्हणजे ताल चालू. ती म्हणाली, "अहो, तुम्ही वाजवलंत की वरचा आकडा उड्या मारतो."
खरंच मारत होता. माझी बोटं नेमकी शून्य आणि एकच्या बटणांवर, आणि त्या बटणांनी ओपॅसिटी येऊन बसायची एक टक्क्यावर. म्हणजे ब्रश पहिल्यापासून चालत होता! दिसणार नाही इतका फिका, एवढंच. मी जिंकलो. यंत्रात दोष नव्हता, म्हणजे माझ्या हातातही नव्हता. हे मी तिला समजावत होतो, तेव्हा ती स्क्रीनजवळ वाकली.
"आईचा चेहरा कुठे गेला?"
चार दिवसांचे न दिसणारे फटकारे एकावर एक बसले होते. कान शाबूत, अंबाडा शाबूत, मधे भिंतीला चुना. चीर मात्र गेली होती, तेवढं मी सांगून पाहिलं.
ती भांडली नाही. मूळ फोटो पिशवीत घातला, चप्पल घातली आणि चौकाकडे गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

९ मार्च, रविवार
फोटो उत्तम झालाय. कबूल. तरी डाव्या भुवईला मी जरा कमी हात लावला असता.
सासरेबुवांनी स्वतः खिळा ठोकला, फ्रेम स्वतः टांगली, मग सगळ्यांसमोर माझा हात धरला. म्हणाले, "जावईबापू, हात अजून तसाच आहे तुमचा. हिला तुमचं काम फार आवडायचं. तोंडावर म्हणायची नाही, एवढंच."
सांगायला तोंड उघडलं होतं. बायकोनं त्यात केकचा तुकडा घातला.
उद्या फोन करून खरं सांगणार. ठरलं.

१० मार्च, सोमवार
फोन केला नाही. म्हाताऱ्या माणसाचा आनंद कशाला घालवायचा? हे बायकोलाही पटेल म्हणून तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, फ्रेमच्या मागे चौकातल्या स्टुडिओचं हे एवढं मोठं स्टिकर आहे.
फ्रेम सासरेबुवांनी स्वतः टांगली होती.