मामांच्या शब्दावर

मोरा,
१६ जून १९९६

ती. किसनमामांस,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. बोटी वर ओढून झाल्या आहेत. आबा दिवसभर जाळी दुरुस्त करत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडतात. यंदा भांडणाचा विषय तुम्ही आहात, म्हणून हे पत्र.

माझ्या पाठचा धनेश तुमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. झाला, तोही पहिल्या वर्गात, आणि गेलं वर्षभर घरी बसून आहे. पोस्टाच्या तिकिटांवर पोस्टमन श्रीमंत झाला, पण एका अर्जाचं उत्तर येईल तर शपथ. माझ्या बालवाडीतली पोरंसुद्धा आता विचारतात की धनेशदादा शाळेत का जात नाही. तो हसण्यावारी नेतो, पण परवा पाहिलं तर ताट अर्धं ठेवून उठला.

आबांचं म्हणणं साधं आहे. त्यांच्याच बोलीत सांगते, पोराला दर्या शिकवला तं बोटीवर पन तुमीच चरवाचा. बोट हाकणारा तांडेल पोराला शिकवून धक्क्यावर सोडून देत नाही. कुणातरी बोटवाल्या नाखव्याला शब्द टाकतो आणि त्याला बोटीवर चढवतो. मग कॉलेजवाल्यांनी तीन वर्षं शिकवून हात का झटकावे? तुम्ही त्याच कॉलेजात रसायनशास्त्राचे मास्तर, वर आईचे सख्खे भाऊ, तेव्हा तुमच्यावर दुप्पट जबाबदारी. आबा सोमवारी तुमच्या प्रिन्सिपॉलांना हेच विचारायला निघालेत. मी अडवलं नाही, तेव्हा दोष द्यायचा तर मलाही द्या.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली भाची,
मैना

---

नेरूळ,
७ जुलै १९९६

चि. मैना हिस अनेक आशीर्वाद.

तुझे आबा आले, लढले आणि जिंकून गेले. प्राचार्यांच्या टेबलावर सुक्या बोंबलांची पिशवी, वर गरगरणारा पंखा आणि समोर तुझे आबा! प्राचार्य नाक धरून म्हणाले की ज्ञान देणं एवढंच कॉलेजचं काम, पुढे ज्याचं त्याचं नशीब. त्यावर आबांनी आमचं माहितीपत्रक काढून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे आम्हीच छापलं आहे की नोकरीसाठी साहाय्य केले जाईल. हल्ली इथे दर वर्षी नवं कॉलेज उघडतं. विद्यार्थी मिळावेत म्हणून ते वाक्य घातलं होतं. ते कुणी खरं धरून दारात येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

खरं सांगू, मला आबांचं पटलं. मीही कोळ्याचाच पोर. म्हणून खटपट केली आणि जमलं. तळोज्याला रंगांची रसायनं बनवणारा एक कारखाना आहे. त्याचे मालक आमच्या संस्थेला देणग्या देतात. धनेशला केमिस्ट म्हणून घेतील. मॅनेजरांची एकच तक्रार होती, पोरं चार-सहा महिन्यांत पळून जातात. मी शब्द दिला की आमचा भाचा पळणार नाही. पोरं का पळतात ते काही विचारलं नाही. हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत, दुसरं काय.

बोंबील उत्तम होते. प्राचार्यांच्या वाट्याचेही मीच खाल्ले.

तुझा,
किसनमामा

---

नावडे,
२५ ऑगस्ट १९९६

ती. मैनाताईस,
सा. न. वि. वि.

नावड्यात खोली मिळाली, कारखाना सायकलच्या अंतरावर. खाणावळवाली वेणूबाई मासळी अशी करते की मासा जिवंत असता तर रडला असता. बाकी झकास.

काम टाकीवर आहे. एका टाकीत सल्फाइड असतं, त्यात आम्ल सोडायचं आणि पुढचं सगळं सांभाळायचं. वास कसला म्हणशील, तर पेटीभर अंडी नासलीत आणि तू त्या पेटीत बसलीस. पहिले आठ दिवस जेवण जात नव्हतं. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. मास्क मागितले तर मॅनेजरसाहेब म्हणतात, मुंबईहून येतायत. कुठल्या बैलगाडीने येतायत देव जाणे.

आपल्या कॉलेजचे आणखी दोघं इथे होते. दोघंही मी यायच्या आधीच गेले. एकाने म्हणे पगारही नेला नाही. ताई, मला इथे बरं वाटत नाही. ठाण्याला एक प्रयोगशाळा माणसं घेते असं कळलंय, पगार कमी आहे. सोडू का? आबांना आडून विचार. माझं नाव घेऊ नकोस.

आईला सांग, वजन वाढलंय. खोटं आहे, पण सांग.

तुझा लाडका,
धनेश

---

मोरा,
४ सप्टेंबर १९९६

चि. धनेश यास अनेक आशीर्वाद.

नारळी पौर्णिमेला तुझी जागा रिकामी होती. नारळ सोडताना आईने तुझं नाव घेतलं आणि मग सगळ्यांसमोर रडली.

आडून विचारायला गेले, पण आबांपुढे आडून काही चालत नाही, तुला माहीत आहे. ते रागावले नाहीत, हेच मला अवघड गेलं. म्हणाले, ज्याच्या शब्दावर पोर बोटीवर चढला, त्यानेच त्याला उतरवायचा. मधेच हंगाम मोडून उतरला तर शब्द देणाऱ्याचं तोंड काळं होतं आणि त्या घरच्या पोराला पुन्हा कुणी बोटीवर घेत नाही. मामांनी कधी नाही ते आपल्यासाठी कुणापुढे मान खाली घातली. मिरगाला हंगाम संपेपर्यंत कळ काढ.

मलाही तेच बरोबर वाटतं रे. वासाचं म्हणशील, तर मोऱ्याला सुकी मासळी घातली की बाहेरची माणसं नाकाला रुमाल लावतात. आपल्याला येतो का वास? तुझंही तसंच होईल. सवयीने सगळं होतं.

दूध घेत जा. खोटं वजन खरं करून दाखव.

तुझी,
मैनाताई

---

नावडे,
२० ऑक्टोबर १९९६

ती. मैनाताईस,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. सवय झाली. आता वास अजिबात येत नाही! डोकं अजून दुखतं, पण वासाचा ताप गेला तशी निम्मी कटकट मिटली. वेणूबाईची मासळीही गोड लागते, म्हणजे बघ. मॅनेजरसाहेब खूश आहेत. म्हणाले, तू टिकलास, तुझ्यात दम आहे. टाकीची सगळी जबाबदारी आता माझ्याकडे दिली आहे.

मागच्या आठवड्यात एक हेल्पर टाकीजवळ चक्कर येऊन पडला. त्याला गावी पाठवलं. उपाशी आला होता, असं साहेब म्हणाले. असेलही.

भाऊबिजेला नक्की येतो. ओवाळणी कमी पडली तर भांडायचं नाही.

तुझा,
धनेश

---

मोरा,
१६ नोव्हेंबर १९९६

ती. किसनमामांस,
मैनाचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली. धनेश येऊन गेला. तुम्हालाच लिहिते, कारण आबांना सांगण्याआधी मला हे नीट कळायला हवं आणि हा तुमचा विषय आहे.

उटणं लावताना तो म्हणाला की यंदाच्या उटण्याला वासच नाही. घरभर घमघमाट सुटला होता. आम्हाला वाटलं मस्करी करतोय. दुसऱ्या दिवशी आई बाजारात मासळी विकायला गेली होती आणि मी पाण्याला. चुलीमागे आदल्या दिवशीची मांदेली राहिली होती, पार नासलेली. परतले तेव्हा मी उंबऱ्यातच नाकाला पदर लावला. आत पाहते तर हा मांडी घालून तीच मांदेली भाकरीशी खातोय, आणि मला विचारतोय की ताई, तू का अशी उभी?

मामा, कोळ्याचं पोर आहे ते. रांगत होता तेव्हापासून ताजा मासा आणि शिळा मासा त्याला नाकाने कळतो. हे साधं पडसं आहे का? की तो सल्फाइडवर आम्ल सोडतो त्या टाकीतल्या वायूमुळे असं होतं? मीच त्याला लिहिलं होतं की सवय होईल.

लवकर उत्तर द्या.

मैना

---

नेरूळ,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. मैना हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. हे पडसं नाही. त्या वायूचा पहिला वार नाकावरच होतो. थोडा असतो तोवर घाण वास येतो आणि माणूस पळतो. जास्त झाला की नाक बधिर होतं, वास थांबतो, माणसाला वाटतं वायू गेला, आणि तो तिथेच उभा राहतो. पुढे एक-दोन श्वासांत खेळ संपतो. धनेशचं नाक तर कायमचंच बसलेलं दिसतं. म्हणजे त्याला पळ म्हणून सांगणारं आता कुणीच नाही. हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. त्या कारखान्यात काय बनतं तेही मला ठाऊक होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्याला तिथून काढायलाच हवं. पण दोन आठवडे दे. विद्यापीठाची समिती कॉलेज तपासायला येते आहे. आमची मुलं कामाला लागलेली त्यांना दाखवायची आहेत, आणि कारखान्याचे मालक नव्या प्रयोगशाळेला मदत करणार आहेत. याच वेळी आमचाच माणूस सोडून गेला तर प्राचार्य मला जागेवर ठेवणार नाहीत. समितीबरोबर मी स्वतः तळोज्याला जाणार आहे, तेव्हा बघतो. तोवर त्याला जपून राहायला सांग.

तुझा,
किसनमामा

---

मोरा,
३० नोव्हेंबर १९९६

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

जपून म्हणजे कसं राहायचं, तेही लिहायचं होतं. श्वास घ्यायचा नाही का?

तुमचं पत्र आबांना वाचून दाखवलं आणि उतरवून धनेशलाही पाठवलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले की किसनच्या शब्दावर चढला हाय, किसननं जाऊन उतरवावा. तोवर तो उतरणार नाही, मी बापूस असून सांगितलं तरी नाही, कारण मीच त्याला तसा वाढवला. हे बोलून ते उठले आणि आज बोटीवर गेलेच नाहीत. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

तुमच्या कॉलेजने नोकरी लावून द्यावी म्हणून मीच पहिलं पत्र लिहिलं होतं. अजूनही म्हणते, द्यायला हवी. पण लावून देणं म्हणजे पोराला फाटकाशी सोडून मागे न बघता परत फिरणं नव्हे. आबा ज्या बोटीवर पोर पाठवतात ती आधी स्वतः चढून बघतात. तुम्ही कारखान्याचं फाटक तरी ओलांडलं होतं का?

समिती गेली उडत. उद्याच्या उद्या जा.

मैना

---

नावडे,
१४ डिसेंबर १९९६

ती. मैनाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बॅग भरली. आता फक्त मामांची वाट होती. ते गेल्या सोमवारी आले, समितीच्या गाडीतून. सोबत फोटोग्राफर होता. मला टाकीजवळ उभं करून फोटो काढला. मग मामांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, शब्द मी परत घेतला, मॅनेजरांशी बोललो, महिनाअखेर तू मोकळा. ताई, मला एवढं हलकं वाटलं की तिथेच बसावंसं वाटलं.

तेवढ्यात तीन पोरं येऊन माझ्या पाया पडली. यंदा आपल्याच कॉलेजातून पास झालेली. गाडीतून समितीबरोबरच आली होती. माझी जागा रिकामी होणार आणि टाक्या वाढणार, म्हणून तिघं घेतली. त्यातला इसाक उरणचा, त्याच्या अब्बांना आबा ओळखतात. मामांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की आमचा धनेश तुम्हाला सांभाळून घेईल. मी मामांना विचारलं, आणि यांना कोण उतरवणार? मामा म्हणाले, समितीचं जेवण ठरलंय, उशीर होतोय. गेले.

मी तिघांना सगळं सांगितलं. तू उतरवून पाठवलेलं मामांचं पत्रही वाचून दाखवलं. इसाक म्हणाला, सहा महिने घरी बसलोय सर, आता परत जाऊन काय सांगू? त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

म्हणून बॅग पुन्हा रिकामी केली. आबांच्या हिशेबाने मी मोकळा आहे, पण ही पोरं आता माझ्या नावावर आत आलीत. मास्कसाठी साहेबांशी रोज भांडतो. मला वास येत नाही, म्हणून त्यांच्या नाकावर काम चालवतो. येतो का वास, विचारत राहतो. येतो म्हणाले की सगळ्यांना बाहेर काढतो. काल दुपारी इसाक म्हणाला, सर, मघाशी वासाने डोकं फुटत होतं, आता काहीच वास नाही, बहुतेक वायू गेला. मी त्याला खेचत बाहेर आणून टाकलं. बाकीचे दोघं मागोमाग पळाले. पण आम्लाचा नळ उघडाच राहिला होता आणि तो बंद करायला कुणीतरी आत जायलाच हवं होतं. मी तोंडावर ओला टॉवेल बांधून गेलो. बाहेर कसा आलो ते नीट आठवत नाही.

सोमवारी पुन्हा तीच टाकी आहे. आबांना सांग, आता मामांची वाट बघू नका. तुम्हीच या, आणि एकट्या मला न्यायला येऊ नका. आलात तर चौघांना न्यायला या.

सगळ्यांना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढीच माया या तिघांवर करा.

तुझा,
धनेश