ड्रमातलं वंगण

रविवार, संध्याकाळ. शारजा.

तात्या गावाकडं घरी फियाटचे मागचे ब्रेक स्वतःच बदलत होते. उद्या ताईला त्याच गाडीतून पळसदेवला सोडायचंय. व्हिडिओ कॉल लावला, तर तात्यांच्या हातात वंगणाचा डबा! नवे ब्रेक ज्याच्यावर घासतात, त्या ड्रमला आतून बोटभर वंगण.

"तात्या, पुसा ते! ब्रेक लागायचा न्हाय."

"बैलगाडीला लावतोच की. चाक हाय, वंगण नको व्हय?"

"गाडी थांबवायचीय का घसरवायचीय?"

"लई शाना झालास तिकडं जाऊन."

पण पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं सगळं. डबाही लांब ठेवायला लावला. फोन केलाच नसता तर?

मग कॉल चालूच ठेवून, उसाच्या वाटेवर गाडी पळवून तात्यांनी ब्रेक मारला. जाग्यावर थांबली. हितं माझा पाय अजून फरशीवर दाबलेलाच.