पंधरा दाढ्यांचे ब्लेड

नाना, आज रविवार, नऊ नोव्हेंबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली आहेत. जळगावच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी दाढी करत होतो आणि मध्येच थांबलो. उजवा गाल झाला आहे, वरचा ओठ अर्धा झाला आहे, डाव्या गालावर फेस तसाच आहे. हे पत्र कुठे पाठवायचे नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली, त्यामुळे तो प्रश्नच नाही. पण दाढी पुरी करण्याआधी एक गोष्ट लिहून काढावी असे वाटले, म्हणून तोंड न धुता वही घेऊन बसलो.

थांबण्याचे कारण असे की या ब्लेडची ही बारावी दाढी. नाकाखाली रेझर ओढला आणि डोळ्यांत पाणी आले. मला काही वाईट वाटत नव्हते. मी कसलाही विचार करत नव्हतो. बोथट ब्लेडने तिथले केस ओढले गेले की डोळ्यांतून आपोआप पाणी येते, एवढेच ते होते. पण आरशात पाहिले तर तोंडाला फेस, ओठ आत ओढलेला, डोळ्यातून पाणी ओघळलेले, आणि तो चेहरा मी पूर्वी पाहिलेला होता. तुमचा, शेवटच्या अडीच महिन्यांतला. तेव्हा तुमची दाढी मी करायचो. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचे. आम्हाला सगळ्यांना वाटायचे की तुम्ही रडता.

सुरुवातीपासून लिहितो. आपल्या शिंदखेड्याच्या घरात आरसा स्वयंपाकघरात होता, कारण सकाळचा उजेड तिथेच यायचा. तुम्ही एक दिवसाआड दाढी करायचात. जिनिंगच्या काट्यावर तुमचे काम, कापसाच्या गाड्या मोजायचे. तुम्ही म्हणायचात, काट्यावरचा माणूस दाढी वाढवून बसला की शेतकऱ्याला वाटते, याचे मापही असेच असेल. माय चुलीपुढे भाकरी थापते आहे. तुम्ही अंघोळ करून आला आहात, गाल गरम पाण्याने चोळून चोळून मऊ केले आहेत, आणि रेझर हातात घेऊन न वळता विचारता, “कितवी शे रे?”

सांगायचे काम माझे. फळीच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या रेघा असायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. मी दार उघडतो, मोजतो आणि सांगतो, “सातवी, नाना.” तुम्ही “हं” म्हणता आणि सुरू करता. दाढी झाली की ब्लेड काढून धुता, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला बोटाने दाबून दहा-बारा वेळा फिरवता, पुसून कागदात ठेवता, आणि मग मी रेघ ओढतो. पंधरा झाल्या की ते ब्लेड मायचे. ती त्याने शिवण उसवायची. मायकडून सुटले की नखांना, आणि शेवटी भिंतीच्या भोकात.

पंधराच का, असे मी एकदा विचारले होते. तुम्ही म्हणालात, “चौदावीला फेकी दिधं तं माज, सोळावी करी तं हाव.” माय चुलीकडून म्हणाली, “आनि तेरावीला गाल कापाई गया तं?” तुम्ही म्हणालात, “तो हातना दोष, ब्लेडना नही.” माय हसली होती. मी हसलो नाही, कारण मला ते पाठ करायचे होते.

पाचवीत असताना मी तुमचे चालू ब्लेड दप्तरात नेले आणि पेन्सिलीला टोक केले. सहा रेघांचे ब्लेड होते. परत आणून कागदात ठेवले. दुसऱ्या दिवशी तुमच्या हनुवटीला कापले. तुम्ही मारले नाही. मला आरशाशेजारी उभे केले, रक्त तसेच ठेवून दाढी पुरी केली, आणि ब्लेड माझ्या हातात दिलेत. “आते हाई पेन्सिलनं व्हयनं. तोंडनं नही.” नऊ दाढ्या शिल्लक असलेले ब्लेड तुम्ही मला देऊन टाकले. दुसऱ्या कामाला लागलेले ब्लेड तोंडाला लावायचे नाही, मग रेघा कितीही असोत, हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

मी नववीत गेलो तेव्हा तुम्ही पाच ब्लेडचे नवे पाकीट आणून कपाटात सर्वांत वर ठेवलेत. माझ्या ओठावर तेव्हा काळसर दिसू लागले होते. शेजारचे काका चेष्टा करायचे, “मापाडीभाऊ, पोऱ्याची मिशी जोखून घ्या, दोन ग्रॅम तरी भरेल.” तुम्ही मला म्हणालात, “तुनी पयली दाढी मी करी दिसू. नवं पाकीट फोडसू.” घाई करायची नाही, एवढे बजावलेत. मग मी दहावीत असताना, ऐन कापसाच्या हंगामात, तुम्ही काट्यावरच पडलात. धुळ्याच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणले तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणे गेले होते. डावा हात चालत होता. माझी शाळा तिथेच थांबली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, क्रम कळावा म्हणून लिहिले.

दाढी आठ दिवसांनी करायची असे ठरले. माय तुमचे डोके धरायची, मी फेस लावायचो. पहिल्याच वेळी तुम्ही डावा हात उचललात, मूठ मिटली, उघडली, बोटे पसरली. मला बरे वाटले. मी कपाटाचे दार उघडले आणि सांगितले, “पाचवी, नाना.” तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. पुढच्या रविवारी पुन्हा तसाच हात. “सहावी, नाना.” मला वाटायचे, सगळे गेले पण तुमचा हिशोब शाबूत आहे. आल्यागेल्याला मी हे कौतुकाने सांगायचो.

नवव्या दाढीनंतर मायने विचारले, “व्हयन्या का रे पंधरा? माले उसवानं शे.” तुम्ही पडल्यापासून ती लोकांचे ब्लाऊज शिवत होती. मी म्हणालो, नऊ झाल्या. ती हातातल्या ब्लाऊजकडे वळली. रविवारी रेझर उघडला तर ब्लेडला निळा दोरा अडकलेला होता. मी तो ओढून काढला, ब्लेड पेल्यात फिरवले आणि सांगितले, “दहावी, नाना.”

त्या दिवसापासून तुमच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. ओठावर रेझर आला की यायचे. माय पदराने पुसायची आणि म्हणायची, “रडू नका ना. बठ्ठं चांगलं व्हई.” तुम्ही मान हलवायचात, डाव्या हाताची बोटे पसरायचात, आणि मी आकडा सांगायचो. अकरावी. बारावी. तेरावी. कपाटात वरच्या फळीवर नवे पाकीट होते. मला ते दिसत होते, कारण रेघा मोजायला मी तेच दार उघडत होतो.

हे इतक्या वर्षांत मी आठवले नव्हते असे नाही. पण त्याचा अर्थ लावला नव्हता. त्याचा धागा परवा शुक्रवारी कारखान्यात हाती लागला. मी इथे चटईच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चटईच्या कडेचे प्लास्टिकचे दोरे कापायला बायकांना ब्लेड लागते, ते मी वहीत सही घेऊन देतो. एक ब्लेड सहा दिवस, आणि जुने जमा केल्याशिवाय नवे नाही. नियम मालकाचा नाही, माझा आहे. मालक मला त्यावरून मुनीमजी म्हणतो.

शुक्रवारी कडा कापणारी एक बाई आली. माझ्या मायच्या वयाची आहे. तिने ब्लेड टेबलावर ठेवले. “भाऊ, हे बदलून द्या.”

मी वही पाहिली. “मावशी, तीनच दिवस झाले.”

“झाले असतील. हे कापत नाही, ओढतं.”

“सोमवारी या.”

“बरं,” म्हणून ती गेली. तासाभराने परत आली तेव्हा अंगठ्याला चिंधी होती आणि चिंधी लाल झाली होती. बोथट ब्लेडवर जोर द्यावा लागला आणि ते सटकले. मी नवे ब्लेड दिले, डब्यातली पट्टी काढून अंगठ्याला बांधली. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, “दिवस तुमच्या वहीत आहेत, भाऊ. बोट माझं आहे. आता लिहा, तीन दिवसांत गेलं, बाईच्या अंगठ्यासकट.” मागच्या दोघी हसल्या. मी खरोखर लिहायला लागलो होतो, म्हणून अजून हसल्या.

दोन दिवस ते वाक्य डोक्यात होते. कापत नाही, ओढतं. आज ओठावर तसे झाले आणि मग बाकीचे आपोआप जुळले. तुम्ही आकडा विचारत नव्हता, नाना. हिशोब शाबूत असलेल्या माणसाला दर रविवारी आकडा विचारायची गरज नव्हती. तुम्हाला आकडा माहीत असणार. पहिल्या वेळी विचारला असेल कदाचित. दहाव्या दाढीपासून तरी तुम्ही हात पसरून सांगत होता की हे टाक, दुसरे घाल. आणि मी आकडा सांगत होतो.

एक ब्लेड किती चालते हे मी नीट शोधले आहे. पाकिटावर लिहिलेले नसते. दुकानदार पाच म्हणतो, मोबाईलवर कोणी सात म्हणतो, कोणी म्हणतो ओढू लागले की बदला. मला आधी हे शेवटचे उत्तर आवडत नसे, कारण त्यात आकडा नाही. आता वाटते की तुमचा पंधरा हा आकडा ब्लेडचा नव्हताच. तो गरम पाण्याचा होता, दोन दिवसांच्या मऊ दाढीचा होता आणि तुमच्या हाताचा होता. आठ दिवसांची राठ दाढी, तांब्यातले गार पाणी, सोळा वर्षांच्या पोराचा हात आणि शिवण उसवलेले ब्लेड, यात पंधराला काही अर्थ उरत नाही. मी तुमचा नियम पाळला असे मला वाटत होते. त्यातला मोजायचा भाग तेवढा मी घेतला होता.

चौदाव्या दाढीचा रविवार. मी फेस लावायला वाकलो, तुम्ही डावा हात उचललात. मी सवयीने कपाटाकडे वळलो, पण बोटे पसरली नाहीत. तुम्ही हात लांब करून बोटांची मागची बाजू माझ्या वरच्या ओठावर ठेवलीत आणि एकदा फिरवलीत. तिथे केस नव्हते. उजवीकडे एक लहान खपली होती. मायनेही तेव्हाच पाहिले. “आरे, तुनी मिशी कोठे गई?” मी म्हणालो, सलूनमध्ये करून आलो. माय म्हणाली, बरे केलेस, आता मोठा झालास. तुम्ही हात खाली घेतलात. त्यानंतर दाढी होईपर्यंत हात उचलला नाहीत. पाणी आले, पण ते कशाचे हे मला आज सकाळपर्यंत माहीत होते असे वाटत होते, आता तेही नीट सांगता येत नाही.

पंधरावी दाढी झाली नाही. त्या गुरुवारी तुम्हाला दुसरा झटका आला. दहाव्या दिवशी तापीकाठी न्हाव्याने माझे डोके केले. बसण्याआधी त्याने ब्लेड कागदातच मोडले आणि अर्धे वस्तऱ्यात घातले. माझ्यानंतर चुलते बसले, त्यांना दुसरे अर्धे. मी त्याला विचारले, एका अर्ध्यात दोन डोकी होत नाहीत का. तो म्हणाला, “व्हतीस. पन मी करत नही.” मी बाजूला उन्हात बसून मोजत राहिलो. पाच डोकी, अडीच ब्लेड.

आता पावणेनऊ झाले आहेत. डाव्या गालावरचा फेस वाळून पांढरी खपली झाली होती, ती धुतली. खालच्या दुकानातून नवे पाकीट आणले, पाणी गरम केले आणि डावा गाल आणि उरलेला ओठ पुरा केला. ओढले नाही. बारा दाढ्यांचे जुने ब्लेड कागदात गुंडाळून टाकून दिले. उद्या कारखान्यात गेल्यावर वहीतला सहा दिवसांचा रकाना मी काढणार आहे. त्याजागी काय लिहायचे ते मावशींना विचारेन.

पत्र फाडणार नाही, वहीतच राहील. हिशोब एवढा. आजचा खर्च, पाच ब्लेडचे एक पाकीट, पंचवीस रुपये. तुम्ही आणलेले पाकीट दहा रुपयांचे होते, तसे वर छापलेले होते, ब्लेड पाच. त्यांतले तुमच्या तोंडाला लागले शून्य. तुमच्या चौदाव्या दाढीच्या आदल्या दिवशी, माय कपडे द्यायला गेली होती आणि तुम्ही झोपला होता तेव्हा, आरशापुढे उभा राहून मी एक वापरले. उरलेली चार पुढे वर्षभर मलाच पुरली, पंधरा-पंधरा दाढ्या. म्हणजे तुमचे माझ्याकडे दहा रुपये निघतात. त्या दिवशी सलूनमध्ये दिलेले पैसे, शून्य. मी सलूनमध्ये गेलो नव्हतो.