एक्केचाळीस मिलिसेकंद

४ मार्च, मंगळवार
पुरावा मिळाला. मामा लेट वाजवतो.

मामा म्हणजे बँडचा लीडर, पहिला ट्रंपेट आणि अरेंजर. तिन्ही एकटाच, पंचवीस वर्षं. मी दुसरा ट्रंपेट, चार वर्षं. १९ एप्रिलच्या कार्यक्रमानंतर तो निवृत्त होणार आणि फाईल कुणाला तरी देणार. फाईल म्हणजे त्याने हाताने लिहिलेल्या एकशे बारा अरेंजमेंट्स, कुठल्या गाण्यात कुणी कधी काय वाजवायचं ते. ज्याच्याकडे फाईल, त्याचा बँड. कुणाला देणार ते तो सांगत नाही. सांगायची गरजही नाही. माझ्याशिवाय आहे कोण?

पद्धत: एक माइक ड्रमच्या स्टँडला. दुसरा रेकॉर्डरमधलाच, आणि रेकॉर्डर मागच्या भिंतीच्या खिडकीत, कारण आमच्या हॉलमध्ये चालू असलेला प्लग तेवढाच. दोन्ही ट्रॅक कॉम्प्युटरवर एकाखाली एक लावले. मामाचा सूर ड्रमच्या ठोक्यामागे ४१ मिलिसेकंद. तीनशे सहा सूर तपासले. सगळे ४१. चुकण्यात इतकी शिस्त मी कुठल्याच माणसात पाहिलेली नाही.

माझं मोजमाप घेतलं नाही. मी मेट्रोनोमच्या ठोक्यांवर शिकले आहे.

५ मार्च
आईला सांगितलं. आई म्हणजे मामाची बहीण, तेव्हा निःपक्षपाती नाही. म्हणाली, ज्याने तुला ट्रंपेटमध्ये फुंकायला शिकवलं त्यालाच घड्याळ लावतेस होय गं?

लावते. लॅबमध्ये कारखान्यांचे वजनकाटे, थर्मामीटर येतात. कुठला किती चुकतो ते मी लिहिते आणि सही करते. आजवर एकही काटा रुसलेला नाही.

११ मार्च, मंगळवार
तालमीत रिपोर्ट वाटला. नऊ प्रती, रंगीत आलेख.

ड्रमर दातांचा डॉक्टर आहे. म्हणाला, एक्केचाळीस मिलिसेकंदांत त्याला दाढसुद्धा दिसत नाही आणि इन्स्पेक्टरबाई अख्खा माणूस उपटायला निघाल्या. सगळे हसले. त्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

पियानोवर भूमितीच्या बाई, शाळेतून निवृत्त. त्यांनी विचारलं, रेकॉर्डर कुठे होता? खिडकीत, म्हटलं. बरं, म्हणाल्या, आणि पियानोचं झाकण पुसत बसल्या. जन्मभर त्रिकोण काढलेल्यांना आलेख काय कळणार.

मामाने चष्मा लावून रिपोर्ट दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या भिंतीकडे. म्हणाला, ठीक आहे, कार्यक्रमापर्यंत तूच चालव. ट्रंपेट डब्यात ठेवला, खिट्टी लावली आणि जिना उतरून गेला.

मला वाईट वाटलं नाही. नोंद असावी म्हणून लिहिते.

१२ मार्च
आजपासून मी लीडर. संकल्प: तालीम सहाला म्हणजे सहाला. गप्पा बंद. फाईल कॉम्प्युटरवर उतरवायची. ड्रमरशी दातांपुरतंही बोलायचं नाही.

१८ मार्च
मामाने आईबरोबर कार्यक्रमाच्या चौदा अरेंजमेंट्स पाठवल्या. जुन्या कॅलेंडरांच्या मागे लिहिलेल्या. बाजूला पेन्सिलीने शेरे. ‘इथे बाईंकडे बघ.’ ‘ड्रमर पेंगत असेल, खाकर.’ संथ गाण्याच्या शेवटी: ‘थांब. अजून थांब. आता.’

अजून म्हणजे किती? पंचवीस वर्षांत एकालाही हा प्रश्न पडू नये!

शेरे काढून टाकले. थांबायच्या जागी टाईप केलं: २.५ सेकंद.

२५ मार्च, मंगळवार
नऊपैकी सहा हजर. प्रती स्वच्छ, पानांना क्रमांक. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ट्रॉम्बोनवाला लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने विचारलं, श्वास कुठे घ्यायचा? म्हटलं, पान तीन बघा. म्हणाला, पान तीनपर्यंत टिकलो तर बघतो.

२.५ सेकंदांच्या जागी ड्रमरने खिशातून स्टॉपवॉच काढलं आणि मोठ्याने मोजलं. हा उपहास असावा. पण मोजणी अचूक होती.

१ एप्रिल
लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला. रेकॉर्डर आता माझ्या पायाशी. लीडरच्या सोयीचा विचार पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच झाला.

निकाल: मी ड्रमच्या ३१ मिलिसेकंद पुढे. अर्थ उघड आहे. लीडर पुढेच असतो, ड्रम मागे रेंगाळतो. सगळ्यांना लेखी कळवलं. बाईंनी आपली प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली. एकीला तरी किंमत कळली.

८ एप्रिल
लिफ्टवाला म्हणाला, तुझ्याबरोबर वाजवणं म्हणजे दार बंद होत असताना आत शिरणं. मी म्हटलं, मग जिन्याने या. हजरजबाबीपणात मी कमी नाही. हसलं कुणीच नाही. विनोद त्यांच्या डोक्यावरून गेला.

१५ एप्रिल
शेवटची तालीम. आठजण आले आणि आठही जणांनी मी सांगितलं तेच केलं. नजरेत थोडा द्वेष होता, पण द्वेष मोजता येत नाही. सत्तर मिनिटांचा कार्यक्रम. सगळं कागदावर आहे. चुकायला जागाच नाही.

१९ एप्रिल, शनिवार
कार्यक्रम झाला. घटना क्रमाने लिहिते.

सत्तर मिनिटांचं अठ्ठावन्न मिनिटांत संपलं. कार्यक्षमता.

संथ गाण्यात आम्ही २.५ सेकंद थांबलो. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या पडल्या. ड्रमर टाळ्यांच्या मधोमध नेमक्या वेळेवर घुसला. त्याची चूक नाही. प्रेक्षकांना कागद दिलेला नव्हता.

मग हॉलचा मॅनेजर विंगेतून खुणा करू लागला, की बारा मिनिटं उरलीत, काहीतरी वाजवा. मामा तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसला होता. लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले. तो उठून स्टेजवर आला आणि माझ्यापुढे हात केला. मी ट्रंपेट दिला. त्याने रुमालाने माउथपीस पुसला. माझा. माझ्यादेखत.

तेच संथ गाणं पुन्हा वाजवलं, माझ्याच खुर्चीत बसून. त्याच जागी थांबला. किती वेळ ते मोजलं नाही. टाळी पडली नाही, कुणी खोकलंही नाही. सगळे श्वास रोखून बसले होते. मीसुद्धा, पण ते हॉलमध्ये हवा कमी होती म्हणून.

मग त्याने मान हलवली.

२० एप्रिल, रविवार, सकाळ
रेकॉर्डर काल माझ्या खुर्चीच्या पायाशी चालूच होता. मामाची बारा मिनिटं तपासली.

शून्य. सगळे सूर, शून्य.

संभाव्य कारणं: माझा ट्रंपेट उत्तम आहे. किंवा मामाने घरी गुपचूप सराव केला. आईला फोन केला. म्हणाली, कसला सराव, पाच आठवड्यांत त्याने डबा उघडला नाही, गॅलरीत मिरच्या लावतोय.

दुपार
मोजायचा टेप घेऊन तालमीच्या हॉलवर गेले. खाली टायरचं दुकान आहे. टायरवाल्याने टेप बघून विचारलं, सतरंजी घ्यायची का? जिना चढले.

मामाच्या खुर्चीपासून खिडकीपर्यंत १४ मीटर २० सेंटीमीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. भागाकार तोंडीच आला. कॅल्क्युलेटरवर परत केला.

४१.

सूर खिडकीपर्यंत पोचायला लागणारा वेळ मी मामाच्या नावावर लिहिला होता. आणि सही केली होती.

२१ एप्रिल
मामाला सांगायला जाणार होते. लॅबमध्ये काम निघालं. फोनवर बोलणं योग्य नाही. लेखी कळवावं तर प्रती किती काढायच्या? शिवाय आज सोमवार. उद्या तसाही तालमीचा मंगळवार आहे.

एका कारखान्याचा काटा आला होता. ‘वापरास अयोग्य’ असा शेरा मारला. नेहमीसारखं बरं वाटलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
साडेचारला मामाकडे गेले. तो मिरच्यांना पाणी घालत होता. सांगितलं. आकडे सांगितले.

म्हणाला, माहीत होतं. पंचवीस वर्षं त्या भिंतीवर आपटून येणारा स्वतःचाच आवाज ऐकतोय, भिंत किती लांब आहे ते कळायला टेप कशाला हवा? बाईंनाही पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्यांनी बाकीच्यांना सांगितलं.

म्हणजे मी सोडून सगळ्यांना.

विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, फाईल तुलाच द्यायची ठरवली होती गं. चुकलीस की येऊन सांगतेस का, तेवढं बघायचं होतं. अकरा मार्चपासून वाट बघितली. काल संध्याकाळी फाईल बाईंना देऊन टाकली. बेचाळीस दिवस म्हणजे जरा जास्तच लेट.

मी मिरच्या मोजल्या. सतरा.

सहाला तालीम. बाईंनी जमिनीवर खडूने नवी बैठक आखून ठेवली होती. सगळ्यांच्या खुर्च्या आहेत तिथेच. माझी एकटीची ड्रमपासून मागे, १० मीटर ६३ सेंटीमीटरवर. म्हणाल्या, तुझीच ३१ मिलिसेकंदं धरली आहेत. तिथून वाजवलंस की पुढे पोचेपर्यंत बरोबर तालात येशील.

गणित तपासलं. अचूक आहे.