तळमजल्यावरची खोली

प्रिय दादा,
तुला आणि वहिनीला नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझी बदली व्हायच्या आत अण्णांना इकडे आणायचं, म्हणून घरं शोधून पायांचे तुकडे पडलेत.

आज भर बाजारात, न्हाव्याच्या दुकानामागे, तळमजल्यावर, गल्लीकडे खिडकी असलेली एक खोली सापडली. अण्णांची चाकांची खुर्ची थेट आत जाईल. पण अर्धांगवायूचं ऐकताच मालक म्हणाला, "आजारी माणूस नको. काही बरंवाईट झालं तर पुढे खोली कोण घेणार?"

मी हात जोडले, रडलेसुद्धा. तेवढ्यात आतून त्याची म्हातारी आई म्हणाली, "मीही इथंच मरणार आहे रे. मलाही बाहेर काढतोस का?"

मालकानं मान खाली घातली. मग "उद्या या," एवढंच म्हणाला. दादा, तो नाही म्हणाला तर कुठे जाऊ? आता माझा धीर सुटत चाललाय.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस. खिडकीतून दिवसभर माणसं दिसतील, एवढंच सांग.

त्यांच्या पायांवर माझं डोकं.

तुझी,
धाकटी